धानावरचे ढग आणि दूरचा बर्फ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडचा अक्षांश साधारण 20.6 अंश उत्तर. या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मे महिन्याच्या 22-23 तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या 20-21 तारखेच्या आसपास. या दोन्ही वेळी भर दुपारी जमिनीत रोवलेल्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. वातावरणाच्या वरच्या टोकाला पोहोचणारे ऊनही दोन्ही दिवशी जवळजवळ सारखेच असते. तरीही मेमधल्या त्या दिवसांत शेजारच्या ब्रह्मपुरीच्या वेधशाळेतला पारा 44-45 अंशांच्या पुढे जातो, आणि जुलैमध्ये तोच पारा 31-32 अंशांवर घोटाळत राहतो. दोन महिन्यांनी सूर्य पुन्हा होता तिथेच आहे. आभाळ मात्र भरून आले आहे.

बारा-तेरा अंशांचा हा फरक पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या माणसाला इतका सवयीचा आहे की त्याला त्याचे नवल वाटत नाही. मिरग लागला, आभाळ आले, गारवा झाला. पण प्रदेशाचे हवामान कशाने घडते हे समजून घ्यायचे असेल तर इथूनच सुरुवात करायला हवी. पृथ्वीवर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण 30 टक्के ऊन परत अवकाशात फेकले जाते, आणि ते फेकणाऱ्यांत दोन पांढऱ्या गोष्टी मोठ्या आहेत: ढग आणि बर्फ. सागाचे, बांबूचे दाट रान अंगावर पडलेल्या उन्हातले दहा-पंधरा टक्केच परत पाठवते. जाड पावसाळी ढग त्यातले 70-80 टक्के वरच्या वर परतवतो. नुकताच पडलेला बर्फ 80 ते 90 टक्के. नागभीडला बर्फ पडत नाही, कधी पडणारही नाही. तरी इथल्या धानाच्या बांधीत पाणी किती साचेल, या प्रश्नाच्या उत्तरात हजारो किलोमीटर दूरच्या बर्फाचाही थोडा वाटा आहे. तो किती आणि तो कसा शोधला गेला, ही मोठी गोष्ट आहे. पण आधी ढगांकडे पाहू, कारण त्यांचा अंमल थेट आणि रोजचा आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे दोन्ही समुद्रांपासून दूर आहेत. उन्हाळ्यात इथे येतो तो वायव्येकडचा कोरडा वारा. एप्रिल-मेमध्ये पानझडीचे जंगल जवळजवळ उघडे पडलेले असते. झाडाला पाने असली की ते मुळांनी ओढलेले पाणी हवेत सोडते आणि त्या कामात उष्णता खर्ची पडते. पानेच नसली की हा खर्च थांबतो. बांध्या कोरड्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव आटत आलेले, आभाळ निरभ्र. भर दुपारी चौरस मीटरमागे सुमारे 1,000 वॉट इतके ऊन जमिनीवर आदळते आणि त्यातले बहुतेक माती आणि हवा तापवण्यातच जाते. रोहिणी नक्षत्रातल्या नवतपात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत दिसतात, ती यामुळे. यात ओल नसण्याचा वाटा मोठा आहे, आणि ढग नसण्याचाही.

जूनच्या मध्यावर मोसमी वारा येतो आणि सगळा हिशोब उलटतो. जाड ढगाखाली भर दुपारीही चौरस मीटरमागे दोनशे-तीनशे वॉटच ऊन पोहोचते. जे पोहोचते त्यातलेही पुष्कळसे ओल्या मातीतले, बांधीतले आणि पानांवरचे पाणी उडवण्यात खर्च होते. हवा तापवायला उरते ते थोडेच.

ढगाचे दुसरे काम मात्र याच्या नेमके उलटे आहे. जमीन दिवसा कमावलेली उष्णता अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने रात्रभर वर सोडत असते. आभाळ निरभ्र असेल तर ती उष्णता निघून जाते. ढग असेल तर तो ती शोषतो आणि तिच्यातला बराच भाग पुन्हा खाली सोडतो. ढगाळ रात्र म्हणजे जमिनीवर पांघरलेली गोधडीच. नागपूरच्या सरासरी आकड्यांत हे स्वच्छ दिसते. मे महिन्यात दिवसाचे कमाल आणि रात्रीचे किमान तापमान यांत सुमारे 14 अंशांचे अंतर असते. ऑगस्टमध्ये ते अंतर सहा-सात अंशांवर येते. दिवस थंड होतो, पण रात्र त्या प्रमाणात थंड होत नाही. श्रावणातल्या रात्री घामाने जीव नकोसा होतो, त्यामागे हवेतल्या दमटपणाइतकाच हा ढगही असतो.

मग ढग एकूण थंडावा देतात की ऊब? उत्तर ढगाच्या जातीवर आहे. खालच्या थरातला जाड ढग ऊन परतवतो आणि त्याचा माथा तसा उबदार असल्याने अवकाशात उष्णताही बऱ्यापैकी सोडतो. तो थंडावा देणारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा पिसासारखा विरळ हिमकणांचा ढग ऊन जवळजवळ अडवतच नाही, उलट खालची उष्णता धरून ठेवतो; तो ऊब देणारा. साऱ्या पृथ्वीचा हिशोब केला तर थंडाव्याचे पारडे जड भरते, चौरस मीटरमागे सुमारे 20 वॉट इतके.

उष्ण कटिबंधातल्या उंच गडगडाटी ढगांबाबत शास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. 1980 च्या दशकात उपग्रहांनी मोजमाप सुरू केले तेव्हा पश्चिम प्रशांत महासागरावर असे दिसले की हे ढग जितके ऊन परतवतात जवळजवळ तितकीच उष्णता अडवून धरतात, म्हणजे निव्वळ परिणाम शून्याच्या आसपास. हाच नियम सगळीकडे चालत असणार असे गृहीत धरले जाऊ लागले. पुण्याच्या हवामान खात्यातले एम. राजीवन आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जे. श्रीनिवासन यांनी 2000 साली आशियाई मोसमी प्रदेशाचा हिशोब मांडला आणि तो नियम इथे लागू पडत नाही हे दाखवून दिले. आपल्या पावसाळ्यात उंच आणि त्याच वेळी खूप जाड ढगांचे प्रमाण इतके मोठे असते की ते अडवतात त्याहून चौरस मीटरमागे 30 वॉटपेक्षा जास्त ऊन परतवतात. मला हे संशोधन फार महत्त्वाचे वाटते. दुसऱ्या कुठल्यातरी समुद्रावर बेतलेला नियम आपल्या आभाळाला लावण्याआधी आपले आभाळ मोजले पाहिजे, हे त्यातून ठामपणे पुढे आले.

ढगाची आणखी एक देणगी डोळ्यांना दिसत नाही. पाण्याची वाफ निवून थेंब होतो तेव्हा एका किलोमागे सुमारे 2,500 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एका हेक्टरवर 10 मिलिमीटर पाऊस, म्हणजे झाडीपट्टीतला एक साधा पावसाळी दिवस धरा. तेवढ्यासाठी वर 100 टन पाणी घडले आणि त्यातून सुटलेली उष्णता विजेच्या भाषेत सांगायची तर जवळपास 70 हजार युनिट होते. एका हेक्टरची ही गोष्ट. ही उष्णता वरच्या हवेत जाते, ती हवा हलकी होऊन चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून आणखी ओली हवा आत ओढली जाते. म्हणजे ढग जमिनीला थंड करता करता वरचे आभाळ तापवतो आणि पुढच्या ढगांची सोय करतो. मोसमी पाऊस चार महिने टिकतो तो या जोरावर.

आपल्या भागात हे ढग येतात ते मुख्यतः बंगालच्या उपसागरावरून. ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, छत्तीसगड ओलांडून ते पश्चिमेकडे सरकते आणि त्याच्या दक्षिण बाजूला, म्हणजे बहुधा विदर्भावर, ढगांची दाटी होते. गंगेच्या मैदानातून उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा दक्षिणेला सरकलेला असला की झाडीपट्टीत झड लागते. तो पट्टा उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला की मध्य भारतात उघाड पडते. पायथ्याशी धुवाधार पाऊस, आणि इकडे रोवणी अडलेली. बांधीतले पाणी आटते, पऱ्हे जुने होऊ लागतात. ऑगस्ट 2023 हे याचे ताजे आणि कडक उदाहरण. देशभरातला तो 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला; सरासरीपेक्षा 36 टक्के पाऊस कमी पडला. अशा उघाडीत झाडीपट्टीला तारतात ते इथले जुने तलाव: गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, मालगुजारीच्या काळात वाढलेले मामा तलाव, आणि इंग्रजी अमदानीतले घोडाझरी, आसोलामेंढा यांसारखे मोठे तलाव.

आता बर्फाकडे.

1876 ते 1878 या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली. भारतीय हवामान खाते त्याच्या जरा आधी, 1875 साली सुरू झाले होते आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. पाऊस का हुकतो, आणि ते आधी कळू शकते का, हा प्रश्न त्यांच्यापुढे टेबलावरच्या कागदासारखा नव्हता; देशात माणसे मरत होती. जुन्या नोंदी तपासताना त्यांच्या लक्षात आले की वायव्य हिमालयात वसंतात भरपूर आणि उशिरापर्यंत बर्फ पडला, की त्यानंतर मैदानात कोरडे वारे जोर धरतात आणि पाऊस ओढ देतो. 1884 साली त्यांनी हा संबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. त्या आधीपासून ते काही वर्षे प्रायोगिक अंदाज देत होते. 4 जून 1886 रोजी पहिला रीतसर दीर्घकालीन अंदाज निघाला. जगात एखाद्या देशाने संपूर्ण हंगामाचा अंदाज नियमाने द्यायला सुरुवात केली ती इथून, आणि त्याचा पाया हिमालयातला बर्फ हा होता.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी या यादीत आणखी घटक घातले. अंदाज लांबलचक झाले, पण 1899 साली त्यांनी चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि पाऊस दारुण हुकला. त्या वर्षीच्या दुष्काळात मध्य प्रांताला, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यासह या सगळ्या मुलखाला, जबर फटका बसला. 1904 मध्ये गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी मनाला पटेल तो घटक घ्यायचे थांबवून संख्याशास्त्राची कसोटी लावली. त्यांच्या 1909 च्या पहिल्या सूत्रातही मे महिन्याअखेर हिमालयात साठलेला बर्फ होताच. जोडीला मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांझिबारचा पाऊस. या शोधातूनच पुढे त्यांना प्रशांत महासागरावरचा दाबाचा झोका सापडला, ज्याची दुसरी बाजू आज आपण एल निनो म्हणून ओळखतो. 1928 साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलवले गेले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखतात.

बर्फ दूर हिमालयात किंवा सायबेरियात असतो, पाऊस इथे पडतो. मधली साखळी काय? एक सोपा हिशोब करून पाहू. समजा तिबेटच्या पठारावर बर्फाचा असा थर आहे, की वितळला तर 10 सेंटिमीटर पाणी होईल. एका चौरस मीटरवर ते 100 किलो पाणी झाले. बर्फाचे पाणी करायला किलोमागे 334 किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण सुमारे 33 मेगाज्यूल. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी एका चौरस मीटरला दिवसभरात साधारण 25 मेगाज्यूल ऊन मिळते. पण ताजा बर्फ त्यातले 80 टक्के परत पाठवतो, पदरात पडतात जेमतेम पाच. म्हणजे नुसते वितळायला सहा-सात दिवस. पुढे ते पाणी मातीत मुरते आणि माती वाळायला आणखी वेळ लागतो, कारण पाण्याची वाफ करायला वितळवण्याच्या सातपट उष्णता लागते. जाड बर्फाच्या वर्षी असे कित्येक दिवस निघून जातात आणि जमीन तापायला उशीर होतो.

मोसमी वाऱ्याची ओढ जमीन समुद्रापेक्षा जास्त तापल्याने निर्माण होते. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटरहून उंच आहे. ते तापले की वातावरणाच्या मधल्या थरातली हवा थेट तापते. ते गारठलेले राहिले तर उत्तर-दक्षिण तापमानाचा उतार कमी होतो आणि वारा बेताचा राहतो. 1976 साली डग्लस हान आणि जगदीश शुक्ल यांनी हे प्रथम उपग्रहाच्या आधारे तपासले. शुक्ल उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातले, पुढे अमेरिकेत हवामानशास्त्रात मोठे नाव कमावलेले. उपग्रहांचे बर्फाचे नकाशे 1967 च्या आसपासच सुरू झाले होते, त्यामुळे त्यांच्या हाती जेमतेम नऊ वर्षांची माहिती होती. पण युरोप-आशियाच्या विस्तीर्ण भूभागावर हिवाळ्यात बर्फ जास्त तर पुढच्या पावसाळ्यात भारतात पाऊस कमी, असा कल त्यात दिसला. ब्लॅनफर्ड यांची जुनी कल्पना नव्वद वर्षांनी पुन्हा उभी राहिली.

याच धाग्याचे मराठी टोक शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्याकडे जाते. 1988 पासून हवामान खात्याने वापरलेले सोळा घटकांचे प्रारूप त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले, आणि त्या सोळांत हिमालयातला बर्फ आणि युरोप-आशियावरचा बर्फ असे दोन घटक होते. पुढची काही वर्षे पाऊसही साधारण सरासरीइतका होत गेला आणि प्रारूपाचे नाव झाले. 2002 साली त्याने 101 टक्के पाऊस सांगितला. प्रत्यक्षात जुलैमध्ये निम्माच पाऊस झाला आणि हंगाम 81 टक्क्यांवर संपला. प्रारूप बदलावे लागले. यात गोवारीकरांचे काम कमी लेखण्यासारखे काही नाही. संख्याशास्त्रावर उभे असलेले कुठलेही सूत्र मागच्या वर्षांतले नाते पुढेही तसेच राहील असे धरून चालते, आणि हवामान ती हमी देत नाही.

बर्फाचे नाते किती सैल झाले आहे हे पाहायचे तर अलीकडची तीन वर्षे शेजारी शेजारी ठेवावीत. 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी हिंदुकुश-हिमालयात बर्फ नेहमीपेक्षा कमी होता. काठमांडूच्या आंतरराष्ट्रीय पर्वतविकास केंद्राने 2025 चा हिवाळा 23 वर्षांतला सर्वांत कमी बर्फाचा ठरवला. तिन्ही वर्षी एप्रिलमधल्या पहिल्या अंदाजात हवामान खात्याने उत्तर गोलार्धात बर्फ कमी असल्याचे नमूद केले होते. ब्लॅनफर्ड यांच्या नियमाने तिन्ही पावसाळे चांगले जायला हवे होते. 2024 आणि 2025 मध्ये देशात सरासरीच्या 108 टक्के पाऊस झाला खरा. पण 2023 मध्ये 94 टक्केच, आणि तो कोरडा ऑगस्ट याच वर्षीचा. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता. त्याने बर्फाचे माप झाकून टाकले.

माझे मत असे, की हिमालयाचा बर्फ हा मोसमी पावसाच्या अनेक हातांपैकी एक हात आहे, आणि तो सर्वांत बळकट नाही. वैज्ञानिकदृष्ट्या तो सोडून देता येत नाही, कारण त्यामागची उष्णतेची साखळी खरी आहे. पण नागभीड तालुक्यातल्या शेतकऱ्याने एप्रिलमधली बर्फाची बातमी वाचून लवकर येणारे हलके धान लावायचे की उशिरा येणारे भारी, हे ठरवू नये. देशभरचा पाऊस 108 टक्के असताना एखाद्या तालुक्यात ऐन रोवणीच्या वेळी पंधरा दिवस उघाड पडू शकते. त्या पंधरा दिवसांबद्दल बर्फ काहीच सांगत नाही.

बर्फाबद्दलचा आणखी एक समज दरवर्षी हिवाळ्यात वाचायला मिळतो: उत्तरेत बर्फवृष्टी झाली म्हणून विदर्भ गारठला. यात अर्धे सत्य आहे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ पाडतात, आणि ते पुढे सरकले की त्यांच्या मागून वायव्येचा थंड कोरडा वारा मैदानात उतरतो. हा वारा आणि तो बर्फ एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. पण गोंदिया, नागपूर, ब्रह्मपुरीत पहाटे जो कडाका पडतो त्याचा बराच भाग इथेच तयार होतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमिनीची उष्णता रात्रभर सरळ अवकाशात निघून जाते. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंशांची नीचांकी नोंद झाली ती अशाच स्वच्छ आभाळाखाली. उलट विक्षोभ विदर्भाच्या जवळून जात असेल आणि उपसागरावरची ओल त्याला मिळाली, तर रात्री ढग येतात, किमान तापमान चढते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गाराही पडतात. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये राज्यभर झालेली गारपीट अनेकांच्या लक्षात असेल. बर्फ पाडणारी ती हवा आणि आपल्या आंब्याच्या मोहोराला मारणारे हे आभाळ यांचे नाते असे आहे.

ढगांचा प्रश्न धानाच्या बाबतीत फार सूक्ष्म होतो, आणि झाडीपट्टीचे सगळे पोट धानावर आहे. दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी हे बारीक तांदळाचे वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावी, स्वतःच्या शेतात लोंब्या निवडून निवडून तयार केले. इथला शेतकरी धानाकडे किती बारकाईने बघतो याची ती साक्ष आहे. त्याला ठाऊक असते की धान निसवल्यानंतरचे तीस-चाळीस दिवस निर्णायक असतात. दाण्यात भरणाऱ्या पिठाचा मोठा वाटा याच दिवसांत, पानांनी घेतलेल्या उन्हातून तयार होतो. हलके धान सप्टेंबरमध्ये निसवते, तेव्हा आभाळ अजून भरलेले असते. भारी धान त्याच्या नंतर निसवते आणि परतीच्या पावसानंतरच्या निरभ्र उन्हात दाणा भरते, पण त्याला शेवटचे पाणी मिळेलच याची खात्री नसते. म्हणजे वाण निवडताना शेतकरी एका अर्थाने आभाळही निवडत असतो: इकडे पाण्याची हमी, तिकडे उन्हाची.

रात्रीच्या ढगांचा फटका अधिक छुपा आहे. दिवसा बनवलेली साखर रोप रात्री श्वसनात खर्च करते, आणि रात्र जितकी उबदार तितका तो खर्च मोठा. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतांवरच्या नोंदी तपासून शाओबिंग पेंग आणि सहकाऱ्यांनी 2004 साली दाखवले की कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एका अंशाने वाढले की उत्पन्न सुमारे 10 टक्क्यांनी घटते. तो आकडा जसाच्या तसा आपल्या खरिपाला लावता येणार नाही. पण दिवसा ऊन कमी आणि रात्री ऊब जास्त, हा ढगाळ ऑक्टोबरचा दुहेरी मार असतो, आणि त्याच दिवसांत दमट हवेवर करपा आणि तुडतुडे पोसतात. 2017 च्या खरिपात पूर्व विदर्भात तुडतुड्यांनी इतके नुकसान केले की सरकारला मदत जाहीर करावी लागली.

धान कापल्यावरही आभाळ पाठ सोडत नाही. कडपा शेतात पसरलेल्या असतात, पुंजणे रचायचे बाकी असते, आणि उपसागरातले चक्रीवादळ उशिरा उठते. 5 डिसेंबर 2023 ला मिचाँग आंध्रच्या बापटलाजवळ किनाऱ्यावर चढले आणि त्याचे ढग गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत आले. जंगलावर जगणाऱ्यांचे दिवसही असेच आभाळावर टांगलेले. मार्च-एप्रिलच्या पहाटे वेचलेला मोह उन्हात वाळला तरच टिकतो. मेमध्ये तेंदूची पाने वाळत घातलेली असताना अवकाळी सर आली तर मजुरी आणि माल दोन्ही जाते.

सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे आणि तिथून शेतकऱ्यांना हवामानावर आधारित सल्ला मिळतो. राज्याच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली आहेत. त्यांवर पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजला जातो. धानाच्या पट्ट्यातल्या अशा केंद्रांना सूर्यप्रकाश मोजणारे एक साधे उपकरण जोडले, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या ढगांनी कोणत्या मंडळात किती ऊन हिरावले हे दिवसागणिक कळेल. आज नुकसानभरपाईत पाऊस आणि पूर यांना स्थान आहे. निसवलेल्या धानावर तीन आठवडे आभाळ दाटून राहिले आणि लोंब्या पोचट निघाल्या, तर त्या नुकसानीचा पुरावा म्हणून शेतकऱ्याच्या हातात पोचट लोंब्यांखेरीज काही नसते. उन्हाची नोंद असेल तर तो पुरावा आकड्यांत ठेवता येईल, आणि कोणत्या मंडळात हलके धान लावायचे आणि कोणत्या भारी, हेही दहा-वीस वर्षांच्या अशा नोंदींवरून ठरवता येईल.